परदेशच्या परिषदेचं बोलावणं आलं तर

आपल्या कार्यक्रमात हप्ते, व्याज, शेळीचा विमा हे विषय नेहमीचे. आजचा विषय जरा लांबचा वाटेल. तुमच्यापैकी कुणाला उद्या जिनिव्हाला, नैरोबीला नाहीतर काठमांडूला एखाद्या परिषदेला बोलावलं, तर कोणते कागद लागतात, घरातून कधी निघायचं आणि तिथं गेल्यावर दिवस कसा जातो, ते आज सांगणार आहे. हसू नका. हे मी सांगते आहे कारण एकदा माझ्यामुळे आपल्यातल्याच एका ताईंची जागा रिकामी राहिली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रभागसंघातल्या एका ताईंना जिनिव्हाहून पत्र आलं. दुष्काळात त्यांच्या गटानं शेळ्यांवर घरं कशी तगवली, यावर त्यांनी सात मिनिटं बोलायचं. तिकीट, राहणं, जेवण, सगळा खर्च बोलावणाऱ्यांचा. परिषद जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि पत्र हातात पडलं एप्रिलच्या मध्यावर. मी म्हटलं, दीड महिना आहे, पुष्कळ झाला. ताईंकडे पासपोर्ट नव्हता. काढू की, म्हटलं. मग कागद बघायला घेतले, तर आधारवर नावाला 'बाई' जोडलेलं, शाळेच्या दाखल्यावर नुसतं नाव आणि माहेरचं आडनाव, मतदार कार्डावर नवऱ्याच्या नावातलं एक अक्षर वेगळं. आधारची दुरुस्ती, मग पासपोर्टसाठी भेटीची तारीख, मग पोलीस पडताळणी. पासपोर्ट घरी आला तेव्हा परिषद चार दिवसांवर होती आणि व्हिसाचा अर्जसुद्धा भरलेला नव्हता. कार्यक्रमपत्रिकेत ताईंचं नाव छापलेलं होतं. ती सात मिनिटं दुसऱ्याच कुणीतरी भरून काढली.

कुठल्या कचेरीनं त्यात काही अडवलं नव्हतं. चूक माझीच होती. मी पत्राच्या तारखेपासून पुढे मोजत गेले. मोजायचं होतं परिषदेच्या तारखेपासून मागे.

आता कुणी म्हणेल, आपल्याला कोण बोलावतंय? बोलावतात, बाई. १९९५ साली चीनमध्ये बीजिंगला चौथी जागतिक महिला परिषद झाली, ४ ते १५ सप्टेंबर. चीन म्हटलं की आपल्या सोलापूरकरांना डॉ. कोटणीस आठवतात, ते १९३८ साली बोटीनं गेले होते. पण बीजिंगला जगभरातून हजारो बाया गेल्या, आणि त्यात गावपातळीवर काम करणाऱ्याही होत्या. तिथं दोन वेगवेगळी वेळापत्रकं होती, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. सरकारी प्रतिनिधींची परिषद बीजिंग शहरात, आणि संस्था-संघटनांच्या बायांचा मेळावा तिथून पन्नासेक किलोमीटरवर हुआयरोऊ नावाच्या गावात, ३० ऑगस्ट ते ८ सप्टेंबर. म्हणजे बायांचा मेळावा आधी सुरू झाला आणि सरकारी परिषदेच्या आधी संपला. पावसानं तिथं चिखल झाला होता. पुष्कळ जणींना व्हिसा वेळेत मिळाला नाही, म्हणजे आमच्या ताईंसारख्या तेव्हाही राहून गेल्याच. तिथल्या तंबूत भेटलेल्या तळागाळातल्या बायांच्या गटांनी पुढे जी जागतिक जोडणी उभी केली, तिला त्या गावाचंच नाव दिलं, हुआयरोऊ कमिशन.

आपल्या शेजारच्या धाराशिव आणि लातूरमध्ये काम करणारी स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्याच जोडणीतली. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्यातल्या वयस्कर बायांना आठवत असेल, सोलापुरातही भांडी खाली आली होती. त्या भूकंपात घरं बांधायला शिकलेल्या बायांचा अनुभव पुढे गुजरातच्या आणि तुर्कस्तानच्या भूकंपग्रस्त बायांपर्यंत पोचला. याच संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. आणि आपल्या सांगोला-माळशिरसच्या पलीकडे म्हसवड आहे ना, तिथल्या माणदेशी बँकेच्या चेतना सिन्हा जानेवारी २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सह-अध्यक्ष होत्या. त्या वर्षी सगळ्या सह-अध्यक्ष बायाच होत्या. म्हसवडहून दावोस म्हणजे आधी विमानानं झुरिक, तिथून रेल्वेनं डोंगरात, आणि जानेवारीत गुडघाभर बर्फ.

तिथं जाऊन होतं काय, हेही विचारायला हवं. विडी वळणाऱ्या बायांचं उदाहरण घ्या. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो जणी आहेत. घरी बसून काम करणारा माणूसही कामगारच, त्यालाही मजुरीचे आणि सुरक्षिततेचे हक्क हवेत, असं सांगणारा १७७ क्रमांकाचा करार जून १९९६ मध्ये जिनिव्हात, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत मंजूर झाला. त्यासाठी आपल्या देशातल्या 'सेवा' संघटनेच्या बायांनी बरीच वर्षं खटपट केली होती. भारतानं त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही, ती वेगळी गोष्ट. पण जे ठरतं ते त्या खोल्यांत ठरतं, आणि तिथं विडी वळणारीला काय म्हणायचंय हे सांगायला कुणीतरी लागतं.

यंदाचं, म्हणजे २०२६ चं वर्ष संयुक्त राष्ट्रांनी शेतकरी महिलांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. तेव्हा शेती करणाऱ्या बायांना बोलवायचं निमित्त यंदा सगळ्यांनाच आहे.

पहिली अडचण कागदांची नसते, ती घरची असते. मोठ्या परिषदांचे महिने जवळजवळ ठरलेले आहेत आणि ते आपल्या कामाच्या नेमके आड येतात. दावोस जानेवारीत, म्हणजे आपली गड्ड्याची यात्रा आणि संक्रांत. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगाची बैठक दर मार्चमध्ये, म्हणजे ज्वारीची काढणी आणि शिवाय गटाचं वर्षअखेरचं हिशेबाचं काम. जिनिव्हाची श्रम परिषद जूनमध्ये, म्हणजे पेरणी. न्यूयॉर्कची महासभा सप्टेंबरात, गौरी-गणपतीच्या आसपास. हवामान बदलाची परिषद बहुतेक नोव्हेंबरात, तेव्हा ऊसतोड सुरू झालेली. म्हणून पत्र आल्यावर घरात पहिला प्रश्न हा विचारा की ते दहा दिवस म्हशीची धार कोण काढणार. जिची तयारी इथं होते ती पुढं अडत नाही. आमच्याकडे एका गटानं ठरावच केला होता, की कुणी परिषदेला गेली तर तिच्या घरचं काम गटातल्या दोघीजणी वाटून घेतील. तो ठराव मला फार आवडला होता.

आता मागे मोजू. समजा परिषद १० जूनला जिनिव्हात आहे. स्वित्झर्लंडसाठी शेंगेन व्हिसा लागतो. नावावर जाऊ नका, त्याचा आपल्या शेंगांशी काही संबंध नाही. युरोपातल्या २९ देशांना मिळून तो एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण कधी कधी पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. शिवाय अर्ज द्यायला भेटीची तारीख मिळावी लागते आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः पुण्या-मुंबईला जावं लागतं. उन्हाळ्यात फिरायला जाणाऱ्यांची गर्दी असते, तारीख लवकर मिळत नाही. म्हणजे मार्चअखेर अर्जाची तयारी हवी. फी ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवास आरोग्य विमा लागतो. हे पैसे कोण भरणार ते पत्रातच विचारून घ्या. अमेरिकेचा व्हिसा आणखी वेळ खातो, कारण तिथं मुंबईला समोरासमोर मुलाखत असते आणि मुलाखतीची तारीख मिळायलाच काही वेळा महिने जातात.

व्हिसासाठी पासपोर्ट आधी हातात हवा. मार्चअखेर व्हिसाचा अर्ज म्हणजे पासपोर्ट त्याच्याही आधी, आणि त्यासाठी कागदांवरची नावं त्याच्याही आधी सारखी झालेली हवीत. असं मागे मागे जात बसलं की आपण आदल्या दिवाळीत पोचतो. बोलावणं तर तोवर आलेलंच नसतं. म्हणून पासपोर्ट बोलावणं येण्याआधी काढायचा. तो दहा वर्षं चालतो. ३६ पानांच्या पासपोर्टला १५०० रुपये लागतात, साठ ओलांडलेल्यांना त्यात दहा टक्के सूट आहे. तत्काळ हवा तर वरती २००० रुपये. पाहिजे तर गटातून कर्ज घ्या, दहा वर्षांत फिटेल. अर्ज मोबाइलवरून किंवा महा-ई-सेवा केंद्रातून भरता येतो, आणि कागद दाखवायला पुण्याला जायची गरज नाही, सोलापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. त्यानंतर ठाण्यातून पडताळणी होते, त्यासाठी वेगळे पैसे द्यायचे नसतात.

नावाचा घोळ मात्र आपल्या बायकांच्या नशिबाला चिकटलेला आहे. माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, शाळेत मास्तरांनी लिहिलेलं नाव. जन्मतारखेचंही तेच. आपल्यातल्या किती जणींचा जन्म १ जूनचा आहे, हात वर करून बघा. पासपोर्टला कुठलं तरी एकच नाव ठरवा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. लग्न झालं म्हणून आडनाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावाचे कागद पक्के असतील तर त्याच नावानं पासपोर्ट मिळतो. २०१६ च्या डिसेंबरपासून विवाहाचा दाखला सक्तीचा राहिलेला नाही. विभक्त किंवा घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव घालायचा आग्रह धरता येत नाही, आणि आई-वडिलांपैकी एकाचं नाव पुरतं. हे मी जोर देऊन सांगते, कारण आमच्या गटांत एकट्या राहणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, आणि "नवऱ्याचा कागद कुठून आणू" म्हणून त्या अर्जच करत नाहीत. अर्जात नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे असतात, दोन्ही भरा. आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर काही देश, उदाहरणार्थ दुबईचा, असा एकाच नावाचा पासपोर्ट घेऊन येऊ देत नाहीत.

दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शिक्का येतो. घाबरू नका. ती तपासणी आखाती देशांसारख्या ठराविक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, परिषदेला जाणाऱ्यांसाठी नाही. फक्त बोलावण्याचं पत्र आणि परतीचं तिकीट कागदावर छापून हाताशी ठेवा.

व्हिसाच्या खिडकीवर त्यांचा मुख्य संशय एकच असतो, की ही बाई परत येणार का. शहरातली माणसं पगाराचा दाखला आणि आयकराचे कागद दाखवतात. आपल्याकडे ते नसतात. आपल्याकडे सातबारा असतो, बँकेचं पासबुक, मुलांच्या शाळेचा दाखला, आणि गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या शिक्क्याचं पत्र, की या आमच्या अध्यक्षा आहेत, अमुक तारखेला परत येऊन कामावर हजर होतील. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्यावा. खर्च बोलावणारे करणार आहेत, हे त्यांच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या.

नैरोबीचं बोलावणं असेल तर आणखी एक. केनियाहून परत येताना पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की ते कार्ड जन्मभर चालतं.

मग तिकीट येतं, आणि इथं मोठी फसगत होते. परदेशाची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर लिहिलेलं असतं '१२ जून, ०२:३०'. आपण समजतो बारा तारखेची रात्र. पण ती असते अकरा तारखेची रात्र उलटल्यावरची पहाट. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे ११ तारखेला रात्री साडेअकराला तिथं उभं राहायचं. बारा तारखेला रात्री गेलात तर विमान आदल्या पहाटेच गेलेलं. तिकीट हातात आलं की लाल पेनानं त्यावर लिहून टाका, 'घरातून निघायचं: ११ तारीख, वार अमुक, वेळ अमुक'. घरच्यांनाही तीच तारीख सांगा.

सोलापूरहून मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या वर. अशा विमानासाठी मला वंदे भारत बरी वाटते. सकाळी सहाच्या सुमाराला सुटते, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सीएसएमटीला पोचते, करमाळा-माढा-बार्शीकडच्या बायांना कुर्डूवाडीला बसता येतं. आठवड्यातून एक दिवस ती नसते, ते बघून घ्या. ज्यांना सकाळचं विमान आहे त्यांनी एक रात्र आधी निघावं आणि मुंबईत मुक्काम करावा. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सुटून पहाटे-सकाळी पोचते खरी, पण गाडीला दोन तास उशीर झाला तर विमान आपल्यासाठी थांबत नाही. सीएसएमटीहून भुयारी मेट्रो आता थेट विमानतळाच्या टी-२ पर्यंत जाते, २०२५ च्या ऑक्टोबरपासून. टॅक्सीवाल्याशी घासाघीस वाचते. रात्री उशिरा मात्र मेट्रो बंद असते. सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरूनही २०२५ पासून विमानं सुटू लागली आहेत, पण पुढच्या विमानाशी वेळ जुळते का ते पाहिल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका.

विमानतळावर क्रम असा. दारात तिकीट आणि पासपोर्ट. मग विमान कंपनीच्या खिडकीवर मोठी बॅग द्यायची आणि बसायचा पास घ्यायचा. तिथं एक प्रश्न नक्की विचारा, "बॅग कुठपर्यंत जाणार?" वाटेत दुबईला नाहीतर दोह्याला विमान बदलायचं असेल तर बहुतेक वेळा बॅग आपोआप पुढे जाते, पण अमेरिकेत पहिल्या उतरण्याच्या ठिकाणी ती स्वतः उचलून परत द्यावी लागते. मग इमिग्रेशन, तिथला अधिकारी विचारेल कुठं, कशाला, किती दिवस. खरं आणि थोडक्यात सांगा. मग सुरक्षा तपासणी. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्रानं यंत्र वाजतं. वाजू द्या, बाई पोलीस पडद्याआड तपासते, त्यात अपमान वाटून घेऊ नका.

सामानाचं बोलते, कारण यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात. आपली कडक भाकरी ही प्रवासाची राणी. आठ-पंधरा दिवस तिला काही होत नाही, फक्त डब्यात बसवा, नाहीतर चुरा घेऊन पोचाल. शेंगाचटणी मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. लोणचं आणि तिखट हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, तेलामुळे पेट घेण्याचा धोका असतो म्हणून. पेढे, खवा, तूप असलं दुधाचं काही युरोपात नेता येत नाही. आणि खसखस चुकूनसुद्धा नको, मसाल्यातलीही. दुबईकडच्या देशांत ती अमली पदार्थांत मोजतात आणि त्यापायी माणसं तुरुंगात गेलेली आहेत. मोबाइलची पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच. गोळ्या-औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. लुगडं-साडी नेसूनच जा, फक्त थंडीच्या देशात आतून गरम कपडे आणि पायात बंद बूट. चपलेवर बर्फात चालता येत नाही.

तिथं पोचलात की पहिल्या दिवशी नोंदणी. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळतं, ते हरवलं की पुढचं सगळं अडतं, म्हणून आंघोळीपुरतंच काढा. वेळापत्रकाचं पान हातात घ्या आणि बरोबरच्या दुभाष्या ताईंकडून आपली खोली, आपला वार, आपली वेळ यांना खूण करून घ्या. मोठ्या सभागृहातली सगळ्यांची सभा वेगळी, आणि छोट्या खोल्यांतली सत्रं वेगळी. आपलं बोलणं बहुतेक छोट्या खोलीत असतं. न्यूयॉर्कच्या महिला आयोगात तर संयुक्त राष्ट्रांच्या आवारात शिरायला वेगळा पास लागतो, आणि संस्थांची बरीच सत्रं आवाराबाहेरच्या इमारतींत असतात. कुठल्या दारानं जायचं ते आदल्या दिवशी पाहून या.

संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी आणि अरबी. कानाला लावायच्या यंत्रात या भाषा मिळतात. मराठी नाही, हिंदीही नाही. तेव्हा मराठीत बोलायचं असेल तर आपला दुभाषी आपण न्यायचा, आणि तसं आधीच पत्रात कळवायचं. आता हिशेब करा. तुम्हाला सात मिनिटं दिली, आणि तुमचं प्रत्येक वाक्य दुभाष्यानं पुन्हा इंग्रजीत म्हटलं, तर तुमच्या वाट्याला साडेतीन मिनिटं उरतात. घरी घड्याळ लावून सराव करा. "सर्वप्रथम आभार" यातच आपल्या बाया एक मिनिट घालवतात, हे मी बघितलंय. सरळ शेळीवर या.

घड्याळाचंही बघा. जूनमध्ये जिनिव्हा आपल्या साडेतीन तास मागे असतं. तुमच्या घरी पहाटे पाचला धार काढायची वेळ, तेव्हा तिथं रात्रीचा दीड. रात्री नऊला जेवून घरी फोन लावलात तर इथं साडेबारा वाजलेले, घरचे दचकून उठतील. न्यूयॉर्कला तर मार्चच्या दुसऱ्या रविवारी सगळं शहर घड्याळ एक तास पुढे करतं. महिला आयोगाच्या बैठकीच्या आसपासच हा रविवार येतो. मोबाइलचं घड्याळ आपोआप बदलतं, मनगटावरचं बदलत नाही.

मी स्वतः परदेशी एकदाच गेलेय, काठमांडूला, आणि तेही त्याच ताईंबरोबर. नेपाळला भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर मात्र भिस्त ठेवू नका. तीन दिवसांची दक्षिण आशियातल्या बायांची बैठक होती. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. एवढी पाठ केलेली गोष्ट, आणि पहिल्याच सकाळी आम्ही सत्राला बरोबर पंधरा मिनिटं उशिरा पोचलो, कारण ताईंच्या हातातलं घड्याळ सोलापूरचंच होतं. शनिवारी तिथं सुट्टी असते, पैसे बदलून घ्यायचे राहिले तेही कळलं. पण ताई बोलल्या. शेळीच्या बोलीवर बोलल्या, बाजारात दलाल कसे वजन न करता नुसत्या हातानं उचलून भाव करतात त्यावर बोलल्या. बांगलादेशच्या एक बाई नंतर आमच्या टेबलाशी आल्या आणि खुणांनी विचारू लागल्या, तुमचा वजनकाटा केवढ्याचा?

परत येताना एक लक्षात ठेवा. विमान मुंबईला रात्री एक-दोनला उतरतं आणि त्या वेळी सोलापूरची गाडी नसते. उजाडेपर्यंत विमानतळाच्या आतच थांबा, बाहेर पडू नका, आणि परतीचं आरक्षण सकाळनंतरच्या गाडीचं करा. वंदे भारत धरायची असेल तर ती सीएसएमटीहून दुपारी चारच्या सुमाराला सुटते. बसायचे पास, हॉटेलची, टॅक्सीची चिठ्ठी, सगळं जपून आणा, बोलावणाऱ्यांना हिशेब द्यावा लागतो आणि कागद नसेल तर पैसे आपल्या अंगावर.

ताईंचा तो उशिरा आलेला पासपोर्ट त्यांच्या लोखंडी पेटीत, पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला आहे. अजून त्यावर एकही शिक्का नाही. मुदत भरपूर आहे. शेवटचे सहा महिने धरू नका, बरेच देश निदान सहा महिने मुदत शिल्लक मागतात.

येत्या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीला प्रत्येकीनं आधार, मतदार कार्ड, पॅन आणि शाळेचा दाखला असे चारही कागद घेऊन या. शाळेत गेलेली नसाल तर जन्माचा जो काही दाखला असेल तो. चारही सतरंजीवर शेजारी शेजारी मांडू आणि एकेक अक्षर वाचून बघू. 'बाई' कुठं आहे, कुठं नाही, ते मी वहीत लिहून घेईन. ज्यांना चष्मा लागतो त्यांनी चष्मा विसरू नका.